केनिलवर्थची बाग: एक पत्र, एक अष्टकोन आणि रानातली स्ट्रॉबेरी

१५७५ च्या जुलैमधली गोष्ट. इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ वॉरिकशरमधल्या केनिलवर्थ किल्ल्यावर मुक्कामाला होती. किल्ल्याचा धनी लेस्टरचा अर्ल रॉबर्ट डडली याने तिच्यासाठी एक खासगी बाग सजवली होती. राणी आणि तिच्या जवळची मोजकी माणसं सोडली तर तिथे कुणाला प्रवेश नव्हता. एके दिवशी राणी शिकारीला गेली असताना रॉबर्ट लँगम नावाचा दरबारातला एक द्वारपाल एड्रियन नावाच्या माळ्याशी असलेल्या ओळखीवर आत शिरला. बाहेर आल्यावर त्याने लंडनमधल्या आपल्या व्यापारी मित्राला एक लांबलचक पत्र लिहिलं. आज केनिलवर्थला जी बाग उभी आहे, ती बऱ्याच अंशी या आगंतुकाच्या पत्रातून उगवलेली आहे.

लँगम भारावून गेला होता, पण मापं द्यायला विसरला नाही. तटाला लागून दहा फूट उंच आणि बारा फूट रुंद असा हिरवळीचा ओटा. त्याखाली एकरभर किंवा थोडी जास्तच बाग, चार चौकोनांत विभागलेली. प्रत्येक चौकोनाच्या मधोमध पंधरा फूट उंचीचा, वर निमुळता होत जाणारा स्तंभ आणि त्याच्या टोकावर गोळा. एका बाजूला वीस फूट उंच, तीस फूट लांब पक्षिगृह, रंगवलेल्या रत्नांनी मढवलेलं. आणि मध्यभागी पांढऱ्या संगमरवराचं अष्टकोनी कारंजं: पाठीला पाठ लावून उभे असलेले दोन बलदंड पुरुष, त्यांच्या डोक्यावर गोळा, गोळ्यातून खाली पडणारं पाणी आणि हौदात कार्प, टेंच, ब्रीम असे मासे. हौदाच्या बाजूंवर समुद्रदेवतांची शिल्पं होती. ती जवळून पाहायला कुणी रेंगाळलं की दूरवरची एक तोटी फिरवून त्याला नखशिखांत भिजवायची सोय होती!

हा किल्ला मुळात आरामासाठी बांधलेला नव्हता. ११२० च्या दशकात पहिल्या हेन्रीचा अधिकारी जेफ्री द क्लिंटन याने तो सुरू केला. लाल वालुकाश्मातला भक्कम, चौकोनी बालेकिल्ला त्या शतकातला. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला राजा जॉनने बाहेरचा दगडी तट उभारला आणि ओढे अडवून किल्ल्याभोवतीचं पाणी इतकं वाढवलं की त्याचं तळंच झालं. जवळजवळ शंभर एकरांचं हे तळं म्हणजे केनिलवर्थची खरी ताकद. जाड भिंतीखाली सुरुंग खणता येतो, पण तळ्याखालून बोगदा खणायला गेलं तर पाणी आत शिरतं. १२६६ साली तिसऱ्या हेन्रीच्या सैन्याने बंडखोरांना इथे वेढा घातला, तेव्हा पाण्याकडून हल्ला करता यावा म्हणून थेट चेस्टरहून होड्या आणाव्या लागल्या. तरीही किल्ला पडला नाही. जूनपासून डिसेंबरपर्यंत वेढा चालला आणि शेवटी आतल्या लोकांना हरवलं ते उपासमारीने आणि रोगराईने.

डडलीच्या हाती किल्ला आला १५६३ मध्ये. तोवर तोफांचा काळ सुरू झाला होता आणि अशा भिंतींची भीती कुणाला उरली नव्हती. डडलीने बालेकिल्ल्याच्या खिडक्या मोठ्या केल्या, राणीच्या निवासासाठी उंच इमारत बांधली, नवा दरवाजा उभारला. १५७५ मधला एकोणीस दिवसांचा मुक्काम हा या सगळ्या खटाटोपाचा कळस. राणी असेपर्यंत बालेकिल्ल्यावरच्या घड्याळाचे काटे दोनवर थांबवून ठेवले होते, असंही लँगम लिहितो.

पुढे यादवी युद्ध झालं. राजाचा पराभव झाल्यावर संसदेने १६४९ मध्ये ठरवलं की हा किल्ला पुन्हा कुणाच्या कामाचा राहता कामा नये. बालेकिल्ल्याची उत्तरेकडची अख्खी भिंत पाडली गेली, तळ्याचं पाणी सोडून देण्यात आलं. ज्याच्यावर ही कामगिरी होती तो कर्नल हॉक्सवर्थ मग डडलीच्या त्याच नव्या दरवाजाच्या इमारतीत घर करून राहिला. बाग बालेकिल्ल्याच्या उत्तरेलाच होती. तीही याच काळात गेली.

आता प्रश्न असा, की अशा जागेचं जीर्णोद्धार म्हणून नेमकं करायचं काय? पडलेली भिंत पुन्हा उभारायची?

इंग्लंडमध्ये या प्रश्नावर एकोणिसाव्या शतकात कडाक्याचा वाद झाला. जुन्या चर्चमधले नंतरच्या काळातले भाग खरवडून काढून ती 'मूळ' रूपात आणण्याची लाट आली होती. विल्यम मॉरिसने त्याविरुद्ध १८७७ मध्ये संस्था काढली. तिचं म्हणणं साधं होतं: जुनी वास्तू म्हणजे दस्तऐवज, त्यात आपल्या हाताने नव्या ओळी घुसडू नयेत. जे आहे ते सांभाळा, गळती थांबवा, आधार द्या. या विचाराला कायद्याचं बळ मिळण्यात भारताचाही एक धागा आहे. व्हाइसरॉय असताना लॉर्ड कर्झनने इथे १९०४ चा प्राचीन स्मारक जतन कायदा आणला. मायदेशी परतल्यावर १९११ मध्ये त्याने लिंकनशरमधला टॅटरशॉल किल्ला विकत घेतला, कारण तिथल्या कोरीव दगडी शेकोट्या उपसून अमेरिकेला पाठवण्याची तयारी चालली होती. त्या शेकोट्या त्याने परत मिळवून जागेवर बसवल्या. त्या प्रकरणातून जी खळबळ उडाली तिच्यामुळे ब्रिटनचा १९१३ चा, आधीच्यापेक्षा कडक असा स्मारक कायदा व्हायला मदत झाली. बंगालच्या फाळणीमुळे आपण कर्झनला ओळखतो, आणि ते योग्यच आहे. पण ही बाजूही खरी आहे.

केनिलवर्थच्या भिंती म्हणूनच फुटलेल्याच ठेवल्या आहेत. मात्र फुटकी भिंत फुटकीच टिकवणं हे नवी बांधण्याइतकंच जिकिरीचं काम. वालुकाश्म सच्छिद्र असतो, पावसाचं पाणी पितो. ते पाणी परत बाहेर पडायला वाट हवी असते. दरजांमध्ये चुना असेल तर तो दगडाहून मऊ आणि जास्त सच्छिद्र असल्यामुळे पाणी दरजांतून उडून जातं. झीज होते ती चुन्याची, आणि चुना पुन्हा भरता येतो. विसाव्या शतकात अनेक ठिकाणी मजबुतीच्या हौसेने दरजा सिमेंटने भरल्या गेल्या. सिमेंट पाण्याला वाट देत नाही. मग पाणी दगडाच्या तोंडातून बाहेर पडतं, त्यातले क्षार तिथेच स्फटिक होऊन फुगतात, थंडीत उरलेलं पाणी गोठून फुगतं आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. काही वर्षांनी सिमेंटची जाळी जशीच्या तशी आणि मधले दगड पोखरलेले, असं उलटं चित्र दिसतं. जुन्या दगडी वाड्याची डागडुजी काढणाऱ्याने आधी अशी एखादी भिंत पाहावी, असं मला मनापासून वाटतं.

उघड्या भिंतींच्या माथ्याचं दुखणं वेगळं. छप्पर गेलं की माथ्यावरून पाणी थेट भिंतीच्या गाभ्यात उतरतं. यावर ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी, केनिलवर्थसारख्या ऐतिहासिक वास्तू सांभाळणाऱ्या इंग्लिश हेरिटेज या संस्थेबरोबर, वेगवेगळ्या भग्न वास्तूंवर एक उपाय तपासला: माथ्यावर माती आणि गवताची गादी घालायची. गवत म्हटलं की आपण उपटायला धावतो. पण उथळ मुळांचं गवत झाडांच्या मुळांसारखं दगड फोडत नाही. ते पाणी शोषून धरतं आणि दिवसरात्रीच्या तापमानाचा चढउतार कमी करतं, त्यामुळे खालचा दगड कमी तडकतो.

भिंतींच्या बाबतीत हा एवढा संयम, आणि बाग मात्र संपूर्ण नव्याने उभी केली. हे विसंगत वाटेल. मला तसं वाटत नाही. भिंतीचा दगड आठशे वर्षं तोच दगड असतो. बाग डडलीच्या काळातही दर हंगामात नव्यानेच लावली जात होती. शिवाय पुन्हा बांधताना जे आहे ते पुसलं जात असेल तर ते पाप. इथे जमिनीवर मूळ बागेचं काहीच उरलेलं नव्हतं. १९७० च्या दशकात, सतराव्या शतकातल्या एका नकाशावरून, तिथे आखीव कुंपणांची एक बाग केली होती. ती देखणी होती, पण डडलीची नव्हती.

तरी पुरावा काय? लँगमचं पत्र. आणि या पत्राबद्दल अभ्यासकांनाच शंका होत्या. ते विनोद म्हणून रचलं, दुसऱ्याच कुणी लिहिलं, वर्णन फुगवलेलं आहे, असे आक्षेप होते. लँगमची शुद्धलेखनाची तऱ्हाही इतकी विचित्र, की त्याला गंभीरपणे घ्यावं असं वाटू नये. अशा वेळी शहाणपणाची गोष्ट एकच, जमिनीला विचारणं.

इंग्लिश हेरिटेजने २००४ ते २००६ या काळात तिथे उत्खनन करवलं. नाहीशी झालेली बाग मातीत कशी सापडते, हे समजून घेण्यासारखं आहे. झाड मरतं, पण त्यासाठी खणलेला खड्डा मातीत कायम राहतो. नंतर भरलेली माती आजूबाजूच्या मातीपेक्षा सैल असते, रंगाने वेगळी असते. पायवाटेखाली खडी चेपलेली असते. पाया काढून नेला तरी त्याचा चर उरतो. कुशल उत्खनक खुरपीने एकेक थर सपाट करत जातो आणि ओलसर मातीवर या आकृत्या डागांसारख्या उमटतात. केनिलवर्थला जो डाग सगळे शोधत होते, तो सापडला. बागेच्या मध्यभागी कारंज्याचा पाया होता, आणि तो अष्टकोनी होता, लँगमने लिहिला होता तसाच. इटलीतल्या काराराच्या पांढऱ्या संगमरवराचे तुकडेही मिळाले.

विज्ञानात भाकीत आधी आणि पडताळा नंतर येतो, तेव्हा त्याला वजन असतं. इथे भाकीत ४३० वर्षं आधी लिहिलेलं होतं. अष्टकोन खरा ठरल्यामुळे पत्रातलं प्रत्येक वाक्य खरं ठरत नाही, हे उघड आहे. पण लिहिणारा बागेत प्रत्यक्ष उभा होता आणि त्याची नजर पक्की होती, एवढा भरवसा मिळाला. त्यावर २००९ मध्ये बाग खुली झाली: काराराच्या संगमरवराचं सुमारे साडेपाच मीटर उंच कारंजं, कोरीव पक्षिगृह, ओटा, चार चौकोन. पुराव्यापुढे किती उडी मारली, यावर उद्यान-इतिहासकारांत मतभेद आहेत. ते असायलाच हवेत. समुद्रदेवतांचे चेहरे नेमके कसे होते हे कुठलीच माती सांगत नाही. तिथे त्या काळातल्या इतर चित्रांचा आणि शिल्पांचा आधार घेऊन ठरवावं लागतं.

मला सगळ्यात जास्त रस आहे तो रोपांमध्ये. लँगम स्ट्रॉबेरीच्या चवीबद्दल लिहितो. पण आपण ज्याला स्ट्रॉबेरी म्हणतो ते फळ १५७५ मध्ये जगात नव्हतंच! त्याच्या हाती लागली असणार ती युरोपच्या जंगलातली नखाएवढी, अतिशय सुगंधी रानस्ट्रॉबेरी. तिच्या पेशींत गुणसूत्रांचे दोन संच असतात. १७१४ मध्ये फ्रेझिए या फ्रेंच अधिकाऱ्याने चिलीहून मोठ्या फळांच्या जातीची रोपं फ्रान्सला आणली. तिचा उत्तर अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या जातीशी बागेतच संकर झाला आणि अठराव्या शतकात आजची स्ट्रॉबेरी जन्मली, गुणसूत्रांच्या आठ संचांची. महाबळेश्वरच्या वाफ्यांतून आपल्याकडे येते ती हीच संकरित वंशातली. ती केनिलवर्थच्या बागेत लावली तर बाग एका झटक्यात दोनशे वर्षं पुढे जाईल.

गुलाबाचं तसंच. वर्षभर फुलणारे आजचे गुलाब चिनी गुलाबांच्या संकरातून, अठराव्या शतकाच्या शेवटानंतर युरोपात आले. फुलोऱ्याला लगाम घालणारं एक जनुक त्यांच्यात निकामी झालेलं असतं, म्हणून ते थांबत नाहीत. एलिझाबेथच्या काळातले बहुतेक युरोपीय गुलाब उन्हाळ्याच्या सुरुवातीला एकदाच बहरत. आणि राणी आली ९ जुलैला. ही तारीख जुन्या ज्युलियन पंचांगातली, आजच्या हिशेबाने १९ जुलै. म्हणजे गुलाबांचा मुख्य बहर बहुधा ओसरत आलेला. अशा वेळी बागेची मदार लवंगेसारख्या वासाच्या, 'पिंक' नावाच्या फुलांवर, सुगंधी वनस्पतींवर आणि फळांवर असणार. लँगम फुलांच्या नावांपेक्षा वासाबद्दल, सावलीबद्दल, फळांबद्दल भरभरून लिहितो, ते वाचताना मला हा दहा दिवसांचा फरक नेहमी आठवतो.

२०१४ पासून राणीच्या निवासाच्या भग्न इमारतीतही जिन्यांवरून वर जाता येतं. मजले केव्हाच कोसळले आहेत. तुळया जिथे टेकत होत्या त्या खोबणी तेवढ्या भिंतीत दिसतात. तिच्या खोल्या होत्या त्या उंचीवर उभं राहून बिनकाचेच्या खिडकीतून पश्चिमेकडे पाहिलं की खाली सपाट हिरवं कुरण पसरलेलं असतं. ते जॉनचं तळं.