थेंबाच्या मधोमध

लोखंडी पत्र्याचा एक तुकडा पॉलिश पेपरने घासून लख्ख करा आणि त्यावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवा. काही तासांत थेंबात तपकिरी कडं उमटतं. लोखंड त्या कड्याखालीच झिजलं असणार, असं कुणालाही वाटेल. झीज मात्र थेंबाच्या मधोमध चाललेली असते, जिथे रंग जवळजवळ चढतच नाही. केंब्रिजचे युलिक एव्हान्स यांनी १९२०च्या दशकात हा साधा प्रयोग करून गंजाचा स्वभाव उलगडून दाखवला. जुनी वेगवान गाडी जपू पाहणाऱ्याने पॉलिशचा डबा उघडण्याआधी हा थेंब एकदा तरी पाहावा, असं मला मनापासून वाटतं.

थेंबाच्या कडेला पाण्याचा थर पातळ असतो, त्यामुळे हवेतला ऑक्सिजन तिथे सहज पोचतो. मधोमध तो कमी पोचतो. मधले लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन मागे ठेवून पाण्यात उतरतात. ते इलेक्ट्रॉन धातूतून कडेकडे जातात आणि तिथे ऑक्सिजन व पाण्याशी मिळून हायड्रॉक्साइड तयार करतात. पाण्यात उतरलेलं लोखंड आणि हे हायड्रॉक्साइड वाटेत एकमेकांना गाठतात, आणि जिथे गाठ पडते तिथे गंज साचतो. म्हणजे त्या एवढ्याशा थेंबात एक बॅटरी चालू असते. जिथे ऑक्सिजन कमी, तिथेच लोखंड खाल्लं जातं.

आता गाडीचा पत्रा आठवा. दोन पत्रे एकमेकांवर ठेवून ठिकठिकाणी स्पॉट वेल्डिंगने जोडलेले असतात. मधल्या केसाएवढ्या फटीत पाणी आपोआप ओढलं जातं आणि वाळायला दिवसचे दिवस घेतं. बाहेर भरपूर हवा, आत जवळपास नाहीच. ही फट म्हणजे एव्हान्स यांच्या थेंबाचा मध्य. दाराखालचा उंबरठा, ज्याला गॅरेजवाले सिल म्हणतात, अशा दोन-तीन पत्र्यांची पोकळ पेटी असते. ती आतून सडते. बाहेरच्या रंगाला फोड येतो तेव्हा आतलं काम बरंचसं उरकलेलं असतं. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट असतं, म्हणून तो रंगाला खालून उचलतो. तेवढा फोड घासून, पुटी भरून वर रंग मारला की गाडी सुंदर दिसते आणि सडणं तसंच चालू राहतं. विकत घेताना लोक याच पुटीला फसतात. लहान लोहचुंबक फिरवून पाहिलं तर पुटीवर त्याची पकड ढिली पडते.

वेगवान गाडीत हे अधिक गंभीर असतं. वजन वाचवायला पत्रा पातळ ठेवलेला असतो, आणि बहुतेक गाड्यांत वेगळी चासी, म्हणजे खालचा स्वतंत्र सांगाडा, नसून सगळी ताकद त्या पोकळ पेट्यांतच असते. सस्पेन्शन, म्हणजे चाकांना आधार देणारी यंत्रणा, जिथे टेकतं तिथला पत्रा कमकुवत झाला, तर भरधाव वळणावर चाकाची दिशा किंचित सरकते आणि चालकाला ते आधी नीट कळतही नाही. लान्सिया या इटालियन कंपनीची बीटा ही चालवायला अतिशय चपळ गाडी. तिच्या पुढच्या सबफ्रेमच्या, म्हणजे इंजिन आणि सस्पेन्शन पेलणाऱ्या चौकटीच्या, जोडणीपाशी गंज लागला आणि १९८०मध्ये ब्रिटनमध्ये कंपनीला ग्राहकांकडून गाड्या परत विकत घ्याव्या लागल्या. ब्रिटिश बाजारात लान्सियाचं नाव त्या धक्क्यातून सावरलं नाही.

यावरचा उत्तम उपाय गाडीच्या जन्मापेक्षा जुना आहे. हंफ्री डेव्ही यांनी १८२४मध्ये जहाजांच्या तळाला लावलेल्या तांब्याच्या पत्र्याला जस्त आणि लोखंडाचे तुकडे जोडले. ते तुकडे झिजले, तांबं वाचलं. जस्त लोखंडापेक्षाही सहज इलेक्ट्रॉन सोडतं, म्हणून पोलादावर जस्ताचा थर असेल तर ओरखडा पडल्यावरही आधी जस्त झिजतं. पोर्शने ९११ या आपल्या स्पोर्ट्स कारच्या १९७६च्या मॉडेलपासून बॉडीला जस्ताचा थर दिलेलं पोलाद वापरलं. त्याआधीच्या आणि नंतरच्या ९११ शेजारी उभ्या केल्या की या एका निर्णयाचा फरक बहुधा सिलपाशीच दिसतो.

इथेच एक इशारा द्यायला हवा. बॅटरीला जोडून ‘गंज थांबवणारी’ इलेक्ट्रॉनिक पेटी बाजारात मिळते. जहाज अखंड समुद्राच्या पाण्यात असतं, त्यामुळे एका तुकड्याकडून दुसऱ्या टोकापर्यंत विद्युतप्रवाहाला पाण्याची वाट मिळते. गाडीवर ओलावा सुट्या थेंबांत, वेगवेगळ्या फटींत असतो. ती वाटच नसल्यामुळे पेटीचा प्रवाह सिलच्या आत पोचणार कसा? ते पैसे मेणावर खर्च करावेत.

मेण म्हणजे पोकळ जागांत फवारायचं पातळ मेण. लांब नळीने ते उंबरठ्यात, दारांच्या तळाशी, तळाच्या पोकळ दांड्यांत सोडतात. ते फटीत झिरपतं, पाण्याला हटवतं आणि मऊच राहतं, हा त्याचा मोठा गुण. मेंढीच्या लोकरीपासून मिळणाऱ्या लॅनोलिनचंही तसंच. याउलट गाडीखाली जाड डांबरी थर चोपडून निश्चिंत होणं मला धोक्याचं वाटतं. तो थर वर्षांनी कडक होतो, त्याला भेगा पडतात, भेगेतून शिरलेलं पाणी मागे अडकतं, आणि तुम्ही स्वतःच एक नवी फट तयार केलेली असते. जुना थर असेल तर टोकदार वस्तूने जागोजागी टोचून पाहा. जिथे तो पोकळ वाजतो तिथून खरवडून काढा.

गंज काढायला आम्ल वापरताना बोल्टांची काळजी घ्या. फॉस्फोरिक आम्ल पत्र्यावर लोह फॉस्फेटचा चिवट थर देतं, ते चांगलंच. पण १०.९ किंवा १२.९ असे आकडे कोरलेले उच्च ताकदीचे बोल्ट आणि स्प्रिंगा आम्लात बुडवल्या तर हायड्रोजनचे अणू पोलादात शिरतात आणि ते ठिसूळ होतं. असा बोल्ट कसल्यानंतर काही तासांनी अचानक तुटू शकतो. असे बोल्ट बदललेलेच बरे. हौसेने ॲल्युमिनियमच्या भागात स्टेनलेस स्टीलचे चकचकीत स्क्रू बसवणाऱ्यांनीही जपावं: खारट ओलाव्यात स्क्रू तसाच राहतो, भोवतीचं ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन जातं.

गाडी ठेवायची कुठे? मीठ हवेतून पाणी ओढतं: साधं मीठ सुमारे ७५ टक्के आर्द्रतेला विरघळतं, तर रस्त्यावरचा बर्फ वितळवायला वापरलं जाणारं मॅग्नेशियम क्लोराइड ३३ टक्क्यांच्या आसपासच ओलं होतं. म्हणजे आपल्याला कोरडी वाटणारी गाडी खालून ओलीच असू शकते. खारट चिखल घेऊन उबदार, बंद गॅरेजमध्ये शिरलेली गाडी थंड जागेपेक्षा लवकर गंजते, कारण उष्णतेने रासायनिक क्रिया वेग घेते. आधी खालून भरपूर गोड्या पाण्याने धुवा, वाळू द्या, मग आत घ्या. हवा खेळती आणि आर्द्रता ५० टक्क्यांच्या आत असली की लोखंड शांत राहतं. प्लॅस्टिकचं आवरण नको. त्याखाली पत्र्याला घाम फुटतो.

उभी असलेली गाडी आठवड्यातून पाच मिनिटं सुरू करण्याची सवय प्रेमापोटी असते, पण ती सोडावी. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ तितकंच पाणी तयार होतं. इंजिन पुरेसं तापलं नाही तर त्यातलं बरंच सायलेन्सरमध्ये आणि थोडं ऑइलमध्ये उतरतं. चालवायची तर अर्धा तास नीट चालवा, नाहीतर राहू द्या. ब्रेक फ्लुइडही हवेतली ओल शोषतं. डॉट ४ या प्रकारच्या फ्लुइडचा उत्कलनबिंदू ताजेपणी किमान २३० अंश सेल्सिअस असतो, त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की तो १५५ पर्यंत उतरू शकतो. जोरात ब्रेक लावणाऱ्या गाडीत ब्रेक तापून ते उकळलं तर ती वाफ जीवावर बेतते, आणि तेच पाणी ब्रेक दाबणाऱ्या कॅलिपरचे पिस्टन आतून गंजवतं. दर दोन वर्षांनी ते बदलायचंच.

आणि पाण्याची छिद्रं. दारांच्या तळाशी, उंबरठ्याखाली, समोरच्या काचेखालच्या पन्हळीत पाणी जायला जागा ठेवलेली असते. पानं आणि माती तिथेच साचतात. मेण फवारल्यावर तीही बुजतात, म्हणून तार घालून मोकळी करा. पुढच्या वेळी गाडी धुताना काचेच्या तळाशी तांब्याभर पाणी ओता, खाली वाका आणि मोजा: जितकं ओतलं तितकं बाहेर आलं का, आणि कोणत्या बाजूने आलं नाही?