इंजिन असताना शिडं कशाला? तरुण पोरांच्या जहाज-ट्रेनिंगमागची जुनी गोष्ट

मे 2025 मध्ये एक व्हिडिओ आमच्याकडच्या सगळ्या ग्रुपवर फिरत होता, मेक्सिकोच्या नेव्हीचं शिडाचं मोठं जहाज न्यूयॉर्कमध्ये मागं मागं सरकत ब्रुकलिन पुलाखाली गेलं, तिन्ही डोलकाठ्यांचे शेंडे मोडले, आणि वर आडव्या दांड्यांवर ओळीनं उभे असलेले पोट्टे तिथंच लटकून राहिले. कुआउतेमोक नाव त्या जहाजाचं. दोन तरुण जीव गेले त्यात. खाली कमेंटी सगळ्या एकाच चालीच्या, अरे बावा इंजिन असताना हे शिडाचं सोंग काहून करून राहिले, आणि पोरांना तेवढ्या उंच चढवायचं कामच काय. प्रश्न चुकीचा नाही. दर्यावर्दी म्हणवणाऱ्या देशांनीपण गेली सव्वाशे-दीडशे वर्षं हाच प्रश्न स्वतःला विचारलाय, आणि दर वेळी उत्तर वेगळं आलंय.

आधी उत्तर सोपं होतं, जहाजच शिडाचं तर शिक्षणही शिडावरच. मग वाफेची इंजिनं आली तरी इंग्लंडच्या नेव्हीनं पोरांसाठी शिडाची जहाजं ठेवली होती. त्यातलं युरिडिसी 1878 मध्ये आइल ऑफ वाइटजवळ अचानक आलेल्या वादळात उलटलं, तीनशेच्या वर माणसं होती, वाचली फक्त दोन. दोनच वर्षांनी अॅटालांटा नावाचं दुसरं ट्रेनिंग जहाज बर्म्युडाहून निघालं ते पोचलंच नाही, 281 जण होते त्याच्यावर. हे असं झाल्यावर कोणालाही वाटणार की बस झालं, आणि एकोणिसावं शतक संपता संपता ब्रिटिश नेव्हीनं हे प्रकरण बंद केलंच.

बाकीच्यांनी मात्र नाही केलं. जर्मनी, डेन्मार्क, नॉर्वे, पोलंड, इटली, सगळ्यांचं म्हणणं की अधिकारी व्हायचं तर आधी शिडावर घाम गाळून या. किंमत त्यांनीही मोजली. डेन्मार्कचं कोबेनहावन हे पाच डोलकाठ्यांचं अवाढव्य जहाज डिसेंबर 1928 मध्ये ब्युनोस आयरेसहून निघालं आणि वरच्या सगळ्या माणसांसकट गायब झालं, त्यात बहुतेक कोवळी कॅडेट पोरं. 1932 मध्ये जर्मनीचं निओबे बाल्टिक समुद्रात उलटलं, 69 गेले. जर्मनांनी त्यावर ट्रेनिंग बंद करायच्या ऐवजी पुढच्याच वर्षी गोर्श फोक नावाचं नवीन जहाज उतरवलं, आधीच्यापेक्षा सहज न उलटणारं, आणि त्याच घराण्यातलं 1936 चं एक जहाज युद्धानंतर अमेरिकेनं भरपाई म्हणून नेलं. ते आज ईगल नावानं अमेरिकन कोस्ट गार्डची पोरं तयार करून राहिलंय.

खरा बदल झाला 1941 मध्ये, आणि मला या सगळ्या इतिहासातला हाच तुकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. कुर्ट हान म्हणून हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडलेला शिक्षक होता, आणि लॉरेन्स होल्ट हा लिव्हरपूलच्या ब्लू फनेल या जहाज कंपनीच्या मालकांपैकी एक. होल्टचं निरीक्षण असं की जहाज पाणबुडीनं बुडवलं की लाइफबोटीत तरणीबांड पोरं आधी हाय खातात आणि शिडावर दिवस काढलेले म्हातारे खलाशी तग धरतात. मग दोघांनी वेल्समध्ये अॅबरडव्ही इथं आउटवर्ड बाउंड ही शाळा काढली. होल्टचा मुद्दा थोडक्यात असा की इथं पोराला समुद्रासाठी तयार करायचं नाही, समुद्राच्या मार्फत माणूस तयार करायचा. म्हणजे पुढं तो खलाशी झाला नाही तरी चालते, कारखान्यात गेला तरी चालते. इथून हे ट्रेनिंग फक्त दर्यावाल्यांचं राहिलं नाही.

तरी पण 1956 मध्ये बर्नार्ड मॉर्गन या लंडनच्या निवृत्त वकिलानं शिडाच्या जहाजांची शर्यत भरवायची कल्पना मांडली तेव्हा बऱ्याच लोकांना वाटलं की हा निरोप समारंभ आहे, शेवटचं एकदा डोळे भरून पाहून घ्या. इंग्लंडच्या टॉरबेपासून लिस्बनपर्यंत वीस जहाजं धावली. मोयाना नावाची बोट जिंकली आणि घरी परतताना वादळात बुडाली, पण वरची सगळी पोरं वाचली. निरोप समारंभ मात्र काही झाला नाही, लोकांना ते इतकं आवडलं की शर्यती चालूच राहिल्या. नियम असा की जहाजावरची निम्मी तरी माणसं 15 ते 25 वयाची पाहिजेत. एक ट्रॉफी तर अशी आहे की ती पहिल्या आलेल्याला नाही मिळत, देशादेशांत मैत्री वाढवण्यात ज्या जहाजानं सगळ्यात जास्त केलं त्याला मिळते, आणि ते सगळे कॅप्टन मत देऊन ठरवतात.

शर्यतीच्या पुढच्याच वर्षी, सप्टेंबर 1957 मध्ये, जर्मनीचं पामीर अटलांटिकमध्ये कॅरी नावाच्या चक्रीवादळात सापडलं. 86 पैकी सहा वाचले. पोटात बार्ली भरली होती, बहुतेक सुटी, पोत्यात नाही, जहाज कलल्यावर ती एका बाजूला घसरली आणि मग जहाज सरळ झालंच नाही. माल वाहायचा आणि त्याच जहाजावर पोरं शिकवायची, हा जोडधंदा जवळजवळ तिथंच संपला. 1984 मध्ये मार्क्वेस नावाचं जुनं जहाज बर्म्युडाहून शर्यतीत निघालं आणि झोतासरशी बुडालं, 28 पैकी 19 गेले, त्यानंतर जहाज किती कललं तरी परत उभं राहते याचे नियम कडक झाले. नियमांचा उपयोग होतो का, तर 2010 मध्ये कॅनडाचं कॉनकॉर्डिया ब्राझीलपुढं समुद्रात उलटलं तेव्हा शाळकरी पोरांसकट 64 च्या 64 जण तराफ्यांवर बसून वाचले.

तिथं पोरं करतात काय ते सांगतो. चार-चार तासांच्या पाळ्या, रात्री बाराला उठा, सुकाणू धरा, समोर नजर ठेवा, परत झोपा. शिड चढवायचं तर आपल्याकडं विहिरीतली मोटर वर काढताना जसे पाच-सहा जण एका आवाजावर दोर ओढतात तसंच, फक्त इथं दोर शेकड्यानं आणि अंधारात हात लावून ओळखावा लागते कोणता कशाचा. शिड गुंडाळायला वर जायचं. आडव्या दांड्याखाली एक दोर बांधलेला असते, त्याच्यावर पाय, पोट दांड्यावर टेकवायचं आणि दोन्ही हातांनी जड कापड वर ओढायचं, कमरेचा पट्टा अडकवलेला. एकट्यानं होतच नाही. शेजारच्यानं आपल्या बाजूचं ओढलं नाही तर तुमचंही सुटते. शिकवायचं आहे ते हेच, वाऱ्याचं ज्ञान वगैरे त्याच्यासोबत आपोआप येते.

भारतात गंमत अशी की आपलं आधुनिक ट्रेनिंग सुरू झालं तेच शिडाशिवाय. इंग्रज कंपन्या भारतीय पोरांना अधिकारी म्हणून घेतच नव्हत्या. 1919 मध्ये सिंदिया या भारतीय कंपनीची लॉयल्टी ही आगबोट लंडनकडं निघाली, मग मागणी वाढत वाढत 1927 मध्ये मुंबईत डफरिन हे ट्रेनिंग जहाज मिळालं, पण ते वाफेचं. कान्होजी आंग्र्यांच्या गुराब-गलबतांवर शिडं ओढणाऱ्यांच्या मुलखात पोरांना हे परत शिकवायला मधे बराच काळ गेला. कॉलिन मडी हा इंग्रज डिझायनर, त्यानं 1971 मध्ये तिकडच्या सी कॅडेट म्हणजे दर्यावर शिकणाऱ्या पोरांच्या संघटनेसाठी रॉयलिस्ट हे जहाज काढलं, त्याच वळणावर आपल्या सी कॅडेट कोअरची वरुणा झाली, पुढं अपंग माणसांनाही खलाशी म्हणून घेणारं लॉर्ड नेल्सन त्याचंच, आणि आपली तरंगिणीपण त्याचीच. गोवा शिपयार्डनं बांधली, 11 नोव्हेंबर 1997 ला नेव्हीत आली, तीन डोलकाठ्या, वीस शिडं. 2003-04 मध्ये तिनं पृथ्वीप्रदक्षिणा केली, नेव्हीचं असं करणारं पहिलं जहाज. तिची बहीण सुदर्शिनी 2012 मध्ये आली. दोघी कोचीला असतात आणि केरळातल्या एझिमलाच्या नेव्ही अकॅडमीतून निघालेले कॅडेट तिथं शिडावर हात घासतात.

एक मराठी माणूस इथं सांगायलाच पाहिजे, व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी. निवृत्तीनंतर फलटणजवळ विंचुर्णीला राहायचे, दुष्काळी पट्टा, आणि तिथं बसून नेव्हीच्या मागं लागले की भारतीयानं एकट्यानं शिडाच्या बोटीतून जग फिरावं. त्यातून म्हादेई ही शिडाची बोट झाली, 2010 मध्ये दिलीप दोंदे एकटे प्रदक्षिणा करून परतले, पुढं अभिलाष टॉमी कुठं न थांबता, आणि 2017-18 मध्ये तारिणी या तशाच बोटीवर सहा महिला अधिकारी.

आता आमचा विदर्भ. समुद्र शेकडो किलोमीटर लांब, पण पाणी नाही असं नाही. भंडारा-गोंदियात मामा म्हणजे माजी मालगुजारी तलाव आहेत, वैनगंगा आहे, आणि मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाची पोरं चालायला लागली की डोंग्यात बसतात. होल्टच्या हिशोबानं बघितलं तर लिव्हरपूलच्या कारखान्यातल्या पोरापेक्षा हे पोट्टे दोन पावलं पुढंच. नागपुरात नेव्हल एनसीसी आहे, तिथं तलावावर वल्ही-शिडं शिकवतात, पण त्यासाठी तशा कॉलेजात अॅडमिशन पाहिजे आणि खेड्यातून रोज जाणं परवडत नाही. युरोपात साधं पोरगं पैसे भरून नाहीतर ट्रस्टच्या मदतीनं दोन आठवडे जहाजावर जाऊन येते, आपल्याकडं वर्दीशिवाय तो रस्ता जवळपास नाहीच. मग उरते भरती. पहाटे डांबरी रोडवर धावणारी जी पोरं पोरी दिसतात त्यातले बरेच पोलीस आणि आर्मीचंच बघतात, नेव्हीचा फॉर्म कोणी सांगितलं तरच भरतात. नेव्हीच्या अग्निवीर एसएसआर म्हणजे बारावीवाल्यांच्या भरतीला गणित आणि फिजिक्स लागते, एमआर म्हणजे मॅट्रिकवाल्यांच्या भरतीला दहावी चालते, ट्रेनिंग ओडिशात चिल्का इथं. गावात जवळचं ज्युनिअर कॉलेज फक्त आर्ट्सचं असलं की पहिला रस्ता अकरावीलाच बंद, मग पोराला कितीही चांगलं पोहता येवो.