एस्ट्रोजन फक्त बायकांचं? कोण म्हणतं!
इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या जिममध्ये एक जुनं खूळ आहे, की एस्ट्रोजन बायकांचं हार्मोन, पुरुषाला नकोच, म्हणून एकाने तर ते दाबायच्या गोळ्या ऑनलाइन मागवल्या आणि सोयाने ते वाढतं असं समजून सोयाबडीपण बंद केली (सोयाबीनच्या माळव्यात राहून!). अरे भिया, तुझ्याच टेस्टोस्टेरॉनमधून (पुरुषी हार्मोन) अरोमाटेज नावाचं एन्झाइम एस्ट्रोजन बनवतं आणि हाडं या एस्ट्रोजनवरच टिकतात. १९९४ मध्ये २८ वर्षांच्या एकाची केस छापून आली, टेस्टोस्टेरॉन नॉर्मल पण एस्ट्रोजनचा शरीरावर असरच नाही, तर हाडं विरळ आणि उंची २०४ सेंटीमीटर, तरी वाढ चालूच! एस्ट्रोजन जास्त झालं तर पुरुषाची छाती सुटते हे खरं, पण ते एन्झाइम चरबीत भरपूर असतं, म्हणजे आधी पोट बघ. सोयाबडी खा बिनधास्त, गोळ्या मात्र डॉक्टरला विचारल्याशिवाय नको.