सहा वाजताची चाहूल

आत्यानं हे मला सांगितलं तेव्हा काकांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. संध्याकाळी सहाच्या सुमारास दाराशी चपला काढल्याचा आवाज येतो. काकांची कारखान्यातून परतायची तीच वेळ. एक चप्पल काढली की दुसरी पायानंच भिंतीकडे सारायची त्यांची सवय होती. अगदी तोच आवाज. सुरुवातीला ती चहाचं आधण ठेवायला उठायची. आता उठत नाही, पण ऐकते. इतक्या वर्षांत हे तिनं पोटच्या लेकीलाही सांगितलं नव्हतं. मला सांगून झाल्यावर लगेच विचारलं, "मला वेड तर लागत नाहीये ना?"

नाही. आणि हे मी तिची समजूत काढायला म्हणत नाही.

डेवी रीस नावाचे एक डॉक्टर मध्य वेल्समधल्या लॅनिडलोस गावात काम करायचे. त्यांनी त्या भागातल्या 227 विधवा आणि 66 विधुर, अशा 293 जणांना प्रत्यक्ष भेटून विचारलं: गेलेला जोडीदार तुम्हाला कधी जाणवतो का? त्यांचा लेख 1971 साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापून आला. जवळजवळ निम्म्या लोकांचं उत्तर 'हो' होतं. बहुतेकांना नुसतं जवळ कुणीतरी असल्यासारखं वाटायचं. काहींना माणूस दिसायचा, काहींना आवाज ऐकू यायचा, अगदी थोड्यांना स्पर्शही जाणवायचा. बायका आणि पुरुष यांच्या प्रमाणात फारसा फरक नव्हता.

एकटं राहणाऱ्यांना किंवा नैराश्य असलेल्यांनाच असे अनुभव येत असतील, असं आपल्याला वाटेल. रीस यांना तसं काही आढळलं नाही. अनुभवाचा संबंध दिसला तो संसाराच्या लांबीशी. जितकी जास्त वर्षं एकत्र काढलेली, तितकी ही शक्यता जास्त. बहुतेकांना या अनुभवानं भीती वाटली नव्हती, आधार वाटला होता. तरीही त्यातल्या बहुतेकांनी तो जवळच्या माणसांनाही सांगितला नव्हता. लोक हसतील, ही एक भीती होतीच. आमच्या आत्यासारखी माणसं वेल्सच्या डोंगरातही होती तर.

रीस यांनी लेखात यासाठी 'हॅल्युसिनेशन' हा वैद्यकातला रूढ शब्द वापरला, त्याचं मराठी 'भ्रम' असं होईल. मला तो शब्द इथे बोचतो. आपल्याकडे 'चाहूल' आहे. चाहूल लागते तेव्हा माणूस दिसलेला नसतो, पण आपलं अंग त्याच्या येण्यासाठी तयार झालेलं असतं. मेंदूत जे घडत असावं त्याच्या हा शब्द फार जवळ जातो.

नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइममध्ये एडवर्ड आणि माय-ब्रिट मोझर यांची प्रयोगशाळा आहे. मेंदू जागेचा नकाशा कसा बनवतो, या शोधासाठी जॉन ओकीफ यांच्यासोबत त्यांना 2014 चं नोबेल मिळालं. याच प्रयोगशाळेतलं एक संशोधन 2013 साली प्रसिद्ध झालं. उंदीर एका चौकोनी पेटीत फिरत होते. पेटीत एखादी वस्तू ठेवली की तिच्यापाशी गेल्यावर मेंदूतल्या काही पेशी चेतायच्या. मग वस्तू काढून घेतली. तेव्हा काही पेशी अशा सापडल्या की उंदीर त्या रिकाम्या जागी पोचला की त्या चेतायच्या. 'इथे काहीतरी होतं' याची नोंद ठेवणाऱ्या पेशी!

उंदराच्या पेटीवरून थेट माणसाच्या घरात उडी मारता येत नाही, हे मान्य. पण ॲरिझोना विद्यापीठातल्या शास्त्रज्ञ मेरी-फ्रान्सिस ओ'कॉनर दुःखाचा उलगडा करताना याच दिशेनं जातात. आपलं माणूस आत्ता कुठे असेल, कधी येईल, याचा नकाशा मेंदू वर्षानुवर्षं गिरवत असतो. मृत्यूची बातमी एका क्षणात कळते. नकाशा मात्र त्या वेगानं बदलत नाही. तीस वर्षं रोज सहा वाजता चपला वाजल्या असतील, तर मेंदू एकतिसाव्या वर्षीही सहा वाजता कान टवकारणारच. त्यात जिन्यावर काही खुट्ट झालं की उरलेला आवाज तो स्वतःच पुरा करतो.

मग हा नकाशा पुसायचा का? बराच काळ तज्ज्ञांचं उत्तर 'हो' असं होतं. सिग्मंड फ्रॉइड यांनी 1917 साली मांडलं की शोकाचं काम म्हणजे गेलेल्या माणसातून मन हळूहळू सोडवून घेणं. तीनच वर्षांनी त्यांची मुलगी सोफी फ्लूच्या साथीत गेली. 1929 मध्ये, ती असती तर 36 वर्षांची झाली असती त्या दिवशी, आपल्या मित्राला लिहिलेल्या पत्रात त्यांनी कबूल केलं की तिची जागा भरून निघत नाही, आणि तसंच असायला हवं. ज्या प्रेमाचा त्याग करवत नाही ते जपण्याचा तोच एक मार्ग आहे. सिद्धांतापेक्षा हे बापाचं पत्र मला अधिक खरं वाटतं.

अभ्यासकांना तिथवर यायला 1996 साल उजाडलं. डेनिस क्लास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेव्हा मांडलं की नातं तुटत नाही, त्याचं रूप बदलतं, आणि यात आजार काही नाही. क्लास यांनी जपानी घरांतल्या पूर्वजांच्या देव्हाऱ्यांचाही अभ्यास केला. तिथे गेलेल्या माणसाशी बोलणं ही रोजची रीत आहे. पितरांच्या पानात त्यांच्या आवडीची अळूवडी न चुकता वाढणाऱ्या आपल्या घरांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

एक गोष्ट मात्र वेगळी ओळखायला हवी. वर्ष उलटून गेलं तरी दुःखाची धार तसूभरही कमी होत नाही, जेवणखाण, काम, माणसं सगळ्यांतून मन उठलेलं आहे, असं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायलाच हवं. त्यावर खास उपचार आहेत आणि त्यांनी गुण येतो. चाहूल लागणं हे त्याचं लक्षण नव्हे.

हे सगळं मी आत्याला सांगितलं. उंदरांचं तिनं मन लावून ऐकलं, वेल्सच्या बायकांचं त्याहून जास्त.

"त्यांचं मग पुढे थांबलं का ते?"

"काहींचं बरीच वर्षं चालू राहिलं," मी म्हणालो.

"बरं झालं," ती म्हणाली, आणि दिवेलागण झाली म्हणून उठली.