जर्नलला शोधनिबंध पाठवताना घोडं कुठे पेंड खातं?

पात्रतेचं आधी सांगते, कारण तिथे विनाकारण धास्ती असते. चांगल्या जर्नलला निबंध पाठवायला पीएचडी लागत नाही आणि प्राचार्यांची शिफारस तर नाहीच नाही. संस्थेत नोकरी नसेल तर ‘स्वतंत्र संशोधक’ म्हणूनही पाठवता येतो. तरी जावक क्रमांक टाकलेलं, गोल शिक्क्याचं पत्र कव्हर लेटर म्हणून अपलोड करणारे भेटतातच. कव्हर लेटर तुम्ही संपादकांना लिहायचं असतं: नवीन काय सापडलं, याच जर्नलकडे का पाठवताय, आणि हा निबंध दुसरीकडे कुठेही विचाराधीन नाही. पाऊण पान पुरे. एकाच वेळी दोन जर्नलना पाठवून ‘जे आधी हो म्हणेल ते’ हा हिशेब करू नका. दोन्हीकडून निबंध नाकारला जातो आणि नावही खराब होतं.

जर्नल निवडताना अजूनही ‘यूजीसी केअर यादीत आहे ना?’ असं विचारलं जातं. मान्य जर्नलांची ती यादी यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. पीएचडीचा प्रबंध सादर करण्याआधी निबंध छापून आलाच पाहिजे ही देशपातळीवरची सक्तीही २०२२ च्या नियमावलीत उरली नाही. मात्र तुमच्या विद्यापीठाचा स्वतःचा नियम असू शकतो, तेव्हा पीएचडी विभागाकडून लेखी घ्या. खिडकीवरचं तोंडी उत्तर माणूस बदलला की बदलतं. आयएसएसएन हा नियतकालिकाचा ओळख क्रमांक. तो म्हणजे दर्जाची हमी नव्हे, कुठल्याही नियतकालिकाला मिळतो. स्कोपस या शोधनिबंधांच्या आंतरराष्ट्रीय सूचीची जर्नल-यादी फुकट पाहता येते. तिथून जर्नलच्या खऱ्या संकेतस्थळावर जा, व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून नको. नामांकित जर्नलांच्या हुबेहूब नकली साइट असतात आणि पैसे त्याही घेतात.

आता खरी अडचण: एथिक्स कमिटीचं, म्हणजे संशोधन नैतिकदृष्ट्या योग्य आहे का हे तपासणाऱ्या समितीचं, परवानगी-पत्र. माणसांवरच्या संशोधनात बहुतेक जर्नल ते मागतात आणि नेमकं तेच कुणाकडे नसतं. ‘मी फक्त प्रश्नावली भरून घेतली, रक्त थोडंच काढलं?’ हे उत्तर चालत नाही. अंगणवाडी सेविकांच्या मुलाखतींनाही परवानगी लागते. सूट मिळू शकते, पण ती द्यायची की नाही हे कमिटी ठरवते, संशोधक नाही. पत्रावरची तारीख माहिती गोळा करायला सुरुवात केल्याच्या आधीची हवी. मागाहून परवानगी घेऊ म्हणाल तर जबाबदार कमिटी देत नाही आणि जी देते तिचं पत्र संपादकाच्या नजरेतून सुटत नाही. कॉलेजात कमिटीच नसेल तर दुसऱ्या संस्थेच्या कमिटीशी सामंजस्य करार करून तिच्याकडे जाता येतं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ही सोय आहे, पण कॉलेजं आपणहून सांगत नाहीत. औषध-उपचारांची चाचणी असेल तर सीटीआरआय या देशाच्या चाचणी-नोंदवहीत नोंदणीही हवी आणि तीही पहिला रुग्ण घेण्याआधी. १ एप्रिल २०१८ पासून मागाहूनची नोंदणी तिथे घेतली जात नाही.

लेखकांची नावं हा दुसरा खड्डा. लेखक कुणाला म्हणायचं यासाठी वैद्यकीय जर्नलांत आयसीएमजेई या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या चार अटी चालतात आणि त्या चारही पूर्ण व्हाव्या लागतात. नुसती प्रयोगशाळा वापरू दिली म्हणून सर लेखक होत नाहीत, त्यांची जागा आभारात. हे सरांना सांगणं अवघड आहे, कल्पना आहे. पण पाठवल्यानंतर नाव घालायचं किंवा काढायचं तर सगळ्यांची लेखी संमती मागतात, काढलेल्याचीसुद्धा.

आपल्या गुणपत्रिकेवर नाव ‘पाटील सुनीता राजाराम’ असं आडनावापासून असतं. तसंच जर्नलच्या निबंध पाठवायच्या पोर्टलमध्ये भरलं की ‘पाटील’ पहिलं नाव होतं आणि जगभर तुमचा उल्लेख ‘राजाराम, पी. एस.’ असा होतो. लग्नानंतर नाव बदललेल्यांचे तर निबंधच दोन व्यक्तींत वाटले जातात. ऑर्किड (ORCID) हा संशोधकाचा कायमचा ओळख क्रमांक फुकट मिळतो, तो आधी काढा.

फाइली चढवणं, कीवर्ड भरणं, आकृत्या वेगळ्या देणं हे जर्नलच्या सूचना वाचून जमतं. चुकतं ते शेवटी. बऱ्याच पोर्टलवर ‘सबमिट’सारखं बटण दाबल्यावर पोर्टल सगळ्या फाइलींची एक पीडीएफ तयार करतं. ती उघडून, पाहून ‘अप्रूव्ह’ करायची असते. नाही केली तर निबंध तुमच्याच खात्यात पडून राहतो आणि तुम्ही ‘दोन महिने झाले, उत्तरच नाही’ म्हणत बसता. हस्तलिखित क्रमांकाची मेल आली नसेल तर निबंध बहुधा पोचलेलाच नाही असं समजा.

मुदतीचंही तसंच. संपादक ‘६० दिवसांत सुधारून पाठवा’ असा निर्णय कळवतात, ते दिवस निर्णयाच्या तारखेपासून मोजतात, तुम्ही मेल उघडली तेव्हापासून नव्हे. मुदत टळली की पुष्कळ जर्नल तोच निबंध नवा म्हणून घेतात आणि सगळं पहिल्यापासून. वाढीव वेळ मुदतीआधी दोन ओळींची मेल टाकून मागितली तर सहसा मिळते, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

स्वीकृतीनंतर प्रूफ, म्हणजे छापण्याआधीची तपासणीची प्रत, येतं आणि ते तपासायला बहुधा ४८ तास देतात. म्हणून संपर्क-लेखकाचा, म्हणजे जर्नल ज्याच्याशी पत्रव्यवहार करतं त्या लेखकाचा, ईमेल कॉलेजचा एकटाच देऊ नका. पीएचडी संपली की तो बंद होतो आणि प्रूफ तिथेच जातं.