नेटचा डबा: फोन करण्याआधी कुठला दिवा बघायचा

आम्ही तुमच्या भिंतीवर जो पांढरा डबा बसवून जातो, त्याला कुणी मोडेम म्हणतं, कुणी राऊटर, कुणी नुसतंच वायफाय. आमच्या भाषेत तो ओएनटी. काही कंपन्या ओएनयू लिहितात, वस्तू तीच. खांबावरून येणाऱ्या फायबरमध्ये वीज नसते, प्रकाश असतो. त्या प्रकाशातून तुमच्या लॅपटॉपला आणि टीव्हीला समजेल असा सिग्नल काढणं हे डब्याचं पहिलं काम. तो सिग्नल घरभर वायफायने पसरवणं हे दुसरं. ‘नेट बंद आहे’ अशी तक्रार येते तेव्हा यातलं नेमकं कुठलं काम अडलंय, ते डब्यावरचे दिवे सांगतात.

दिवे पाच-सहा असतात आणि मॉडेलप्रमाणे क्रम बदलतो. बघायचे दोनच: पॉन (डब्यावर PON लिहिलेला, ऑफिसशी जोडणीचा) आणि लॉस (LOS, प्रकाश येत नसल्याचा).

पॉन हिरवा, स्थिर आणि लॉस विझलेला असेल, तर आमच्या ऑफिसपासून तुमच्या भिंतीपर्यंतची फायबर बहुतेक शाबूत आहे. तरीही नेट नसेल तर आधी रिचार्जची तारीख बघा, मग घरातलं वायफाय.

लॉस लाल लुकलुकत असेल, तर डब्यापर्यंत पुरेसा प्रकाशच येत नाही. डबा दहा वेळा बंद-चालू करून काही होणार नाही. बाहेर वायर तुटली असेल, उंदराने कुरतडली असेल किंवा रंगकाम करणाऱ्याने शिडी सरकवताना पिन ओढली असेल. सरळ आम्हाला कळवा.

पॉन हिरवा लुकलुकत असेल, तर डबा आमच्या ऑफिसातल्या मशीनवर नोंदणी करू पाहतोय. लाईट आल्यावर एक-दोन मिनिटं असं होणारच. पाच मिनिटांनंतरही थांबलं नाही तर फोन करा. बहुतेक वेळा प्रकाश अशक्त झालेला असतो. क्वचित शेजाऱ्याचा डबा बिघडलेला असतो. एका फायबरवर स्प्लिटर, म्हणजे प्रकाश अनेक घरांत वाटणारा तुकडा, लावून ३२ किंवा ६४ घरं जोडता येतात आणि प्रत्येक डब्याने आपली पाळी आली की बोलायचं असतं. एखादा डबा पाळी सोडून सतत बोलत सुटला की बाकीच्यांचं बंद पडतं. म्हणूनच कधी कधी ‘तुमचा डबा दोन मिनिटं बंद करता का’ असं आम्ही अशा ग्राहकाला विचारतो, ज्याची काहीच तक्रार नसते.

आमचा माणूस मीटर लावून ‘पॉवर उणे बावीस येतेय’ असं म्हणतो, ती या प्रकाशाची डीबीएम या मापातली मोजणी. उणे १५ ते उणे २५ च्या दरम्यान असेल तर उत्तम. उणे २७ च्या आसपास सर्वसाधारण डब्याची ऐकण्याची ताकद संपते. दर तीन आकड्यांनी प्रकाश निम्मा होतो, म्हणजे उणे २२ चं उणे २५ होणं ही किरकोळ घट नव्हे. ही घट बऱ्याचदा घरातच होते: वायर दारात चेमटते, कपाटामागे दुमडते किंवा ‘लोंबकळते म्हणून’ घट्ट गुंडाळून रबर लावलेलं असतं. वेटोळं करायचंच असेल तर चहाच्या बशीएवढं ठेवा.

आता फायबरच्या टोकाची हिरवी पिन. डब्याच्या खाली किंवा मागे खोचलेली असते. तिच्या टोकावरची काच ८ अंशांच्या तिरक्या कोनात घासलेली असते, जेणेकरून परत फिरणारा प्रकाश आल्या वाटेने मागे जाऊ नये. त्या टोकाला बोट लागलं की त्वचेचा तेलकटपणा चिकटतो आणि पॉवर पडते. फुंकर मारू नका, तोंडातली वाफ बसते. निळी पिन हिरव्या सॉकेटमध्ये बसते खरी, पण तिचं टोक सरळ असल्यामुळे मध्ये फट राहून प्रकाश वाया जातो. आणि पिन काढून तिच्यात डोकावू नका. आतला प्रकाश डोळ्याला दिसत नाही, म्हणून तो नाही असं समजू नये.

अडॅप्टर बहुतेक डब्यांना १२ व्होल्टचा लागतो. किती अँपिअरचा, ते डब्याच्या खालच्या स्टिकरवर बघा. सेटटॉप बॉक्सच्या अडॅप्टरची पिन डब्यात बसते, पण पिन बसली म्हणजे व्होल्ट जुळले असं नाही. लोडशेडिंगच्या भागात १२ व्होल्टचा मिनी यूपीएस घ्याच. खांबावरच्या स्प्लिटरला वीज लागत नाही, त्यामुळे तुमचा डबा आणि आमचं ऑफिस चालू असलं की गावात अंधार असतानाही नेट चालतं. मात्र डब्याला जोडलेला लँडलाईन फोन जुन्या तांब्याच्या वायरीसारखा एक्स्चेंजच्या विजेवर चालत नाही. डबा बंद, की फोनही बंद.

‘३०० एमबीपीएसचा प्लॅन घेतला, ९४ च येतात’ ही तक्रार आम्ही न बघताही ओळखतो. वायरने जोडलेल्या कॉम्प्युटरवर नेमका ९४ च्या आसपास आकडा अडकला, तर कुठेतरी १०० चं पोर्ट आहे किंवा लॅन केबलच्या चार जोड्यांपैकी एखादी तुटली आहे. गिगाबिटला, म्हणजे १००० च्या वेगाला, चारही जोड्या लागतात; १०० ला दोन पुरतात, म्हणून केबल ‘चालू’ दिसते. वायफायवर कमी येत असेल तर फोन २.४ वर आहे की ५ गिगाहर्ट्झवर ते बघा. ५ वेगवान, पण दोन भिंतींपलीकडे दमतो. लोखंडी कपाट, फ्रिज किंवा टीव्हीच्या मागे डबा ठेवून जादूची अपेक्षा करू नका. मोबाईलवर डाउनलोडचा आकडा मेगाबाइटमध्ये दिसत असेल तर ८ ने गुणा: १२.५ म्हणजे तुमचे १०० पूर्ण आले.

दुकान, दवाखाना, ऑफिस असेल तर दोन गोष्टी आधीच सांगा. सीसीटीव्ही बाहेरून थेट बघायचा असेल, टॅलीचा सर्व्हर ठेवायचा असेल, तर स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा, फक्त तुमचा इंटरनेट पत्ता मागा. साध्या जोडणीत अनेक ग्राहक एकच सार्वजनिक पत्ता वापरतात, तिथे पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी आतल्या यंत्राकडे वळवणारी सेटिंग) कितीही केलं तरी लागू पडत नाही. स्वतःचा राऊटर लावणार असाल तर आमची केबल त्याच्या वॅन (WAN, बाहेरचं नेट आत घेणाऱ्या) पोर्टमध्ये जाऊ दे, किंवा आमचा डबा ब्रिज मोडवर, म्हणजे राऊटरचं काम तुमच्या यंत्रावर सोडणाऱ्या सेटिंगवर, करून घ्या. केबल चुकून लॅन (LAN, घरातल्या यंत्रांच्या) पोर्टमध्ये गेली की दोन्ही यंत्रं घरातल्या उपकरणांना आयपी पत्ते वाटायला लागतात आणि कार्ड स्वाइपचं मशीन ऐन गर्दीत रुसतं.

डब्यामागे टाचणीएवढं भोक असतं, ते रीसेटचं. त्यात पिन घालून दहा सेकंद दाबलीत की तुमचं यूझरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅनची (आमच्या नेटवर्कमधल्या तुमच्या वाटेच्या क्रमांकाची) सेटिंग पुसली जाऊ शकते आणि मग आम्हालाच यावं लागतं. बंद-चालू करायचं असेल तर बटण किंवा प्लग वापरा, आणि मध्ये अर्धा मिनिट थांबा.

फोन करताना ग्राहक क्रमांक, पॉन आणि लॉस या दिव्यांची स्थिती, आणि शेजारी नेट आहे का, एवढं सांगा. डब्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलात तर आणखी बरं. फक्त स्टिकरवरचा वायफायचा पासवर्ड बोटाने झाका.