बकेट सीट आणि वूफर: एका केबिनमधलं जुनं भांडण

गाडी मन लावून पळवणाऱ्याच्या यादीत आज अंग धरून ठेवणारी ‘बकेट’ सीट, मुठीत नीट बसणारं स्टेअरिंग आणि दमदार साउंड सिस्टीम शेजारी शेजारी असतात. पण यांची घराणी वेगळी आहेत. सीट आणि स्टेअरिंग आले शर्यतीतून. त्यांना गाडी काय सांगते ते चालकापर्यंत पोचवायचं होतं. स्पीकर आले दिवाणखान्यातून, आणि त्यांना गाडीनं गप्प बसायला हवं होतं.

त्यातलं आवाजाचं घराणं थोरलं. १९३० मध्ये शिकागोच्या पॉल गॅल्विन यांच्या कंपनीने ‘मोटोरोला’ नावाने मोटारीचा रेडिओ विकायला काढला. दोन वर्षांनी युरोपात जर्मनीच्या ब्लाउपुंक्ट कंपनीचा ‘ऑटोसुपर’ रेडिओ आला. त्याची किंमत ४६५ राइशमार्क, म्हणजे छोट्या मोटारीच्या किमतीच्या जवळजवळ एक तृतीयांश. त्या रेडिओतल्या काचेच्या व्हॉल्व्हना जास्त व्होल्टेज लागे आणि स्पार्क प्लगच्या प्रत्येक ठिणगीची खरखर रेडिओत उतरे. पुढे १९५६ च्या मॉडेलांत क्रायस्लरने चक्क रेकॉर्ड प्लेअर बसवला, मिनिटाला १६⅔ फेऱ्यांचा. खड्ड्यांच्या रस्त्यावर सुई नाचवायची हौस फार काळ टिकली नाही, यात नवल नाही. मग आठ ट्रॅकची टेप, कॅसेट आणि १९८४ मध्ये पायोनिअरचा मोटारीतला सीडी प्लेअर असा ओघ लागला.

हौशी माणसाला मोकळीक दिली ती मात्र एका कंटाळवाण्या मोजमापाने: १८० मिलिमीटर रुंद, ५० मिलिमीटर उंच. डॅशबोर्डमधला हा खण जर्मन मानकाने पक्का केला आणि एका कंपनीचा सेट दुसऱ्या कंपनीच्या गाडीत बसू लागला. ॲम्प्लिफायर वेगळा बसवण्यामागेही साधं गणित आहे. इंजिन चालू असताना गाडीत सुमारे १४ व्होल्ट मिळतात. तेवढ्यावर ४ ओहमच्या स्पीकरला स्वच्छ ताकद जाते साधारण २० वॅट. सेटवर छापलेले ‘५० वॅट गुणिले ४’ हे क्षणिक कमालीचे आकडे असतात. त्यापुढे जायचं तर व्होल्टेज आतल्या आत चढवणारा स्वतंत्र ॲम्प्लिफायर हवा. बासला, म्हणजे खालच्या सुरांना, तर तो हवाच, कारण टायरची घरघरही नेमकी खालच्या पट्टीतली असते आणि ती आधी बासच गिळते.

सीटची गोष्ट माझ्या मते जास्त रंजक आहे. जुन्या गाड्यांत पुढे सोफ्यासारखं सपाट बाक असे. वळणावर माणूस त्यावरून घसरायचा आणि सावरायला स्टेअरिंगलाच लटकायचा. ज्या हातांनी चाकांची पकड जोखायची, तेच हात देह धरून ठेवण्यात अडकलेले! श्टुटगार्टची रॉयटर ही बॉडी बांधणारी कंपनी. १९६३ मध्ये तिचा बॉडीचा कारखाना पोर्शने घेतला, सीटचा धंदा ‘रेकारो’ या नावाने उरला आणि १९६५ मध्ये तिने फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात मूळ सीट काढून बसवता येईल अशी स्पोर्ट्स सीट मांडली. कडेच्या उंच उशांनी कंबर आणि बरगड्या धरल्या आणि हात मोकळे झाले. त्याच सुमारास इटलीचे शर्यतपटू जानपिएरो मोरेत्ती यांनी स्वतःसाठी जाड मुठीचं स्टेअरिंग करून घेतलं. १९६४ चे फॉर्म्युला वन विजेते जॉन सर्टीज यांच्या फेरारीतही तसंच आलं आणि त्यातून ‘मोमो’ ही स्टेअरिंगची कंपनी उभी राहिली. स्टेअरिंग बदलण्याची ही हौस पुढे एअरबॅगने बरीचशी आटोपली. ते बरंच झालं.

या दोन घराण्यांचं भांडण पेटतं वजनावरून. पळवणारा माणूस गालिचे आणि मागची सीट काढून किलो किलो वाचवतो. ऐकणारा माणूस दारांच्या पत्र्याला ब्युटाइल रबराची जड चादर चिकटवतो आणि डिकीत वूफरचं, म्हणजे बासच्या मोठ्या स्पीकरचं, खोकं ठेवतो. ही चादर पत्र्याची थरथर मारते. बाहेरून हवेतून येणारा आवाज ती फारसा अडवत नाही, हे बहुतेकांना पैसे गेल्यावर कळतं.

कंपन्यांनी मात्र एव्हाना दोन्ही घराण्यांची सोयरीक जुळवली होती. १९९२ मध्ये निसानने ब्लूबर्डमध्ये उलटा ध्वनी सोडून घरघर मारणारी यंत्रणा दिली. २०११ ची बीएमडब्ल्यू एम५ आतून इतकी शांत झाली की इंजिनचा आवाज स्पीकरमधून ऐकवावा लागला. लेक्ससने एलएफए या स्पोर्ट्स कारमध्ये उलटी वाट धरली: यामाहाच्या मदतीने इंजिनचा खरा आवाज वाहिन्यांतून केबिनमध्ये आणला.

घरघर मारणारी यंत्रणा असलेल्या गाडीत म्हणूनच आज नवा वूफर लावल्यावर कधी कधी भलताच प्रकार होतो. घरघर टिपणारा तिचा छतातला मायक्रोफोन त्या बासलाच घरघर समजतो, यंत्रणा तो मारायला धावते आणि केबिन घुमू लागते. जाणता माणूस अशा गाडीत वूफरला हात लावण्याआधी त्या मायक्रोफोनच्या यंत्रणेची वायर शोधून ती सोडवून ठेवतो.